राजाचं आडनाव

जून लागला की मी कपाटातून दाखलखारीज रजिस्टर काढते. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडाच्या पाठीचं, वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. अनुक्रमांक, मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख. मोखाडा तालुक्यातल्या शाळेत हे रकाने भरायला लागले, तेव्हा मी देशावरून नुकतीच आले होते. आडनाव म्हणजे शिंदे, पाटील, कुलकर्णी, नाहीतर गावाच्या नावाला जोडलेला ‘कर’, एवढंच माझ्या कानाला ठाऊक. इथे ऐकू आली ती भोये, गावित, दिघा, रावते, भुसारा, हिलिम. पहिल्या वर्षी प्रत्येक आडनाव मी दोनदा विचारून लिहायची. आता आडनाव कानावर पडलं की पाडा डोळ्यांपुढे येतो, त्या पाड्याची वाट, वाटेवरचा मोह, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं तेसुद्धा.

असाच एका जूनमध्ये कातकरी वाडीवरचा एक बाप मुलीला घेऊन आला. खांद्यावर टॉवेल, पाय चिखलाने भरलेले. मुलगी त्याच्या मागे अर्धी लपलेली. आडनाव विचारलं तर म्हणाला, “मुकना.” मग जरा थांबून, “मुकने. तुमीच लिवा बाई, कसं लिवतात ते.” मी लिहिलं, मुकणे. त्याने रजिस्टरात डोकावून पाहिलं. अक्षर त्याला लागत नव्हतं, पण शाई ओली आहे हे दिसत होतं. ती वाळेपर्यंत तो उभा राहिला.

ती मुलगी चौथीत असताना आम्ही सहल काढली, जव्हारला. मोखाड्याहून लाल एसटी वळणं घेत जव्हारच्या पठारावर चढते. गाव ओलांडून काजूच्या झाडीत शिरलं की टेकडीवर जयविलास दिसतो. गुलाबी छटेच्या दगडाचा, घुमटांचा राजवाडा. मुलं पायऱ्यांवर रांगेत बसली. मी सांगायला लागले, “हा राजे यशवंतराव मुकणे यांचा वाडा. जव्हार संस्थानचे शेवटचे राजे.” रांगेतून एक मान झटकन वर आली. ती काही बोलली नाही. परतीच्या एसटीत मात्र माझ्या शेजारची जागा धरून बसली आणि मोखाडा जवळ आल्यावर हळूच म्हणाली, “बाई, राजा आमच्यातला का?”

मी म्हटलं, “आडनाव एकच आहे.”

उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. मुलांना अपुरं उत्तर दिलं की ते आपल्याच गळ्यात अडकून राहतं. त्या प्रश्नापायी मी जव्हारच्या इतिहासाकडे वळले.

जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८२ मध्ये निघालं. त्यात महादेव कोळ्यांनी सांगितलेली जव्हारची कथा नोंदवली आहे. जयाबा नावाच्या कोळी नाईकाची थळ घाटाजवळ, म्हणजे आजच्या कसारा घाटाजवळ, मुकणे इथे मातीची छोटी गढी होती. एकदा पिंप्रीच्या देवस्थानाला गेला असता पाच कोळी भिक्षेकऱ्यांनी त्याला आशीर्वाद दिला आणि ‘जव्हारचा राजा’ म्हणून मुजरा केला. जयाबाने माणसं जमवली. पेठ आणि धरमपूरच्या लोकांनी त्याला मानलं. तो सुरतेपर्यंत गेला, पुढे काठेवाडात गेला, तिथे सात वर्षं राहिला. परत येऊन तो जव्हारच्या वारली नाईकापुढे उभा राहिला आणि म्हणाला, मला एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन दे. नाईक हो म्हणाला. जयाबाने ते कातडं चिरत चिरत त्याच्या बारीक वाद्या काढल्या, त्या पसरल्या आणि वारली नाईकाचा सगळा मुलूख वेढून टाकला. बावीस किल्ले आणि वर्षाला नऊ लाखांचा वसूल देणारा प्रदेश त्याच्या हाती आला. वारली नाईकाला वायव्येकडचा गंभीरगड मिळाला.

मुकण्याच्या गढीतून आला, म्हणून त्याचं घराणं मुकणे.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली आणि मुलांना वहीचं एकेक पान व कात्री दिली. कडेकडेने, गोल गोल, पट्टी तुटू न देता कापायचं. सुरुवातीला सगळ्यांच्या पट्ट्या तुटल्या. मग हात बसत गेला. एका पोराने बोटाच्या पेराच्या निम्म्याहून बारीक पट्टी काढत अख्खं पान संपवलं. मोजली तर बारा मीटरच्या आसपास भरली. आम्ही ती व्हरांड्यात चौकोनी पसरली आणि सगळा वर्ग त्या वेढ्यात मांडी घालून बसला. वहीच्या एका पानात अख्खी चौथी! पोरं हसत होती. एक वारली मुलगा मात्र बाहेरच उभा होता. त्याने विचारलं, “मग वारली कुठं बसला?”

मी म्हटलं, “गंभीरगडावर.” त्याने दूर डोंगराकडे पाहिलं आणि मग तो आत येऊन बसला.

त्या रात्री मी हिशेब करून पाहिला. संस्थान विलीन झालं तेव्हा जव्हारचं क्षेत्र ३१० चौरस मैल होतं, म्हणजे सुमारे आठशे चौरस किलोमीटर. एवढ्या मुलखाला वेढा घालायला किमान शंभर किलोमीटर लांबीची वादी लागेल. बैलाचं कातडं चार चौरस मीटरचं धरलं आणि एकेक मिलिमीटर रुंदीच्या वाद्या काढल्या, तर लांबी भरते चार किलोमीटर. शंभर किलोमीटरसाठी ती वादी डोक्यावरच्या केसाहून बारीक चिरावी लागेल. कुठल्याही चांभाराच्या हातून हे होणारं नाही. केसाहून बारीक होऊनही न तुटणारी, एका माणसापासून निघून मुलूखभर पसरणारी वस्तू मला एकच सुचते, ती म्हणजे नाव. गोष्टीतली वादी कातड्याची असेल. प्रत्यक्षात जव्हारला सहाशे वर्षं वेढून राहिली ती आडनावाची वादी.

कातड्याची ही कथा जगाच्या पाठीवर बऱ्याच ठिकाणी सांगतात. फिनिशियाहून पळून आलेल्या राणी डायडोने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अशीच जागा मागितली आणि कार्थेज वसवलं. तिथल्या टेकडीचं नाव बिर्सा, आणि ग्रीक भाषेत बिर्सा म्हणजे कातडं. इंग्लंडात बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ याने हेंगिस्ट नावाच्या सॅक्सन सरदाराबद्दल हेच लिहून ठेवलं. त्यानेही राजाकडे एका वादीत मावेल एवढी जमीन मागितली आणि तिच्यावर गड बांधला. तिन्ही गोष्टींत मागणारा बाहेरून आलेला आहे. तिन्हींत देणारा शब्दाला जागणारा आहे. 

इंग्लंडचा विषय निघालाच आहे, तर तिथल्या आडनावांची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत तिथे पिढीजात आडनावं रुजली. त्यातली पुष्कळ गावांवरून आली. पण गावात राहणाऱ्याला कुणी गावाच्या नावाने हाक मारत नाही. लंडनमध्ये सगळेच लंडनचे. लंडन सोडून दूरच्या खेड्यात जाऊन राहिलेल्याला मात्र लोक ‘लंडन’ म्हणतात आणि पुढे तेच आडनाव होतं. आपल्याकडे वेगळं काय आहे? पुण्यात कुणी पुणेकर आडनावाने ओळखला जात नाही. तो पुणं सोडून साताऱ्याला, नागपूरला गेला की पुणेकर होतो. आपण जिथे आहोत त्या जागेचं नाव आडनावाला लागत नाही. जी जागा आपण सोडून आलो, तिचं लागतं.

जयाबाची ओळखही अशीच बदललेली दिसते. त्याच गॅझेटियरमध्ये वारली नाईकाकडून जव्हार घेणाऱ्या कोळ्याचं नाव ‘पौपेरा’ असंही येतं. ते वाचताना माझ्या कानात ‘पोपेरे’ वाजलं. अकोले तालुक्यातल्या बीजमाता राहीबाई पोपेरे आज साऱ्या देशाला माहीत आहेत. त्याही महादेव कोळी समाजातल्या. सह्याद्रीच्या त्या अंगाला पोपेरे आहेत, या अंगाला मुकणे. नाशिककडून जव्हारला येणारा माणूस आजही दोन्हींच्या मधला डोंगर ओलांडूनच येतो. डोंगराच्या माथ्यावर माणसाची जुनी खूण गळते आणि उतारावर नवी लागते.

मुकणे हे गाव आजही इगतपुरी तालुक्यात आहे. त्याच्या नावाचं धरण आहे आणि त्या धरणातून नाशिक शहराला पाणी जातं. आपल्याला ते गावाचं नाव आहे हे कळायला वेळ लागतो, कारण मराठी माणसाच्या कानात आधी वाजतं ते क्रियापद. प्राणाला मुकणे, संधीला मुकणे, आईला मुकणे. मोल्सवर्थच्या कोशातही मुकणे म्हणजे गमावणे. गावाच्या नावाला हा अर्थ चिकटवायचा नाही, हे मला कळतं. तरीही रजिस्टरात ते आडनाव लिहिताना दर वेळी माझा हात क्षणभर थबकतो.

जव्हारच्या कथेत वारली नाईक जमिनीला मुकला आणि मुकणे राजा झाला. तीच कथा कोळ्याच्या घरी चातुर्याची होते, वारल्याच्या घरी घाताची. माझ्या व्हरांड्यात दोन्ही घरांची मुलं एकाच वेढ्यात बसली होती. कोणतं सांगणं खरं, हे ठरवणं माझं काम नव्हतं. पण वेढ्याबाहेर उभ्या राहिलेल्या मुलाचा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात यायला हवा, हे मला त्या दिवशी पटलं. जयाबाचं नाव आपल्याला ठाऊक आहे, ज्याची जमीन गेली त्या नाईकाचं नाव कथेत उरलेलं नाही. जमिनीपाठोपाठ तो नावालाही मुकला.

जयाबानंतर त्याचा थोरला मुलगा धुळबाराव गादीवर आला. दिल्लीच्या सुलतानाने त्याला राजा हा किताब आणि नेमशाह हे नाव दिलं. तो दिवस ५ जून १३४३. जव्हारने त्या दिवसापासून स्वतःचा शक सुरू केला आणि संस्थानच्या कागदांवर तो पुढे शतकानुशतकं लिहिला जात होता. मला याचं फार अप्रूप वाटतं. डोंगरातल्या एका आदिवासी घराण्याने काळ मोजायला सुरुवात केली ती लढाईच्या विजयापासून नाही, राज्याभिषेकापासूनही नाही, तर नाव मिळाल्याच्या दिवसापासून. पुढे सुरतेच्या मोहिमेवर निघालेल्या शिवाजीमहाराजांना जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी जिथे शिरपेच अर्पण केला, ते ठिकाण शिरपामाळ म्हणून जव्हारकर आजही दाखवतात. तिथेही गोष्ट उरली ती जागेच्या नावात.

शेवटचे राजे यशवंतराव यांचा जन्म १९१७ सालचा. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिशांच्या हवाई दलात होते. १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. सहाशे वर्षांचं राज्य सोडून ते आदिवासींच्या कामात उतरले आणि १९६२ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. म्हणजे मुकणेही अखेर राज्याला मुकले. पण भाषेचे जाणकार या क्रियापदाचं मूळ संस्कृत ‘मुक्त’मध्ये दाखवतात. मुक्ती, मोकळा आणि मुकणे ही एकाच घरातली भावंडं. शेजारच्या गुजरातीत ‘मूकवुं’ म्हणजे ठेवणं, सोडणं. मराठीने या शब्दात सोडण्याचं दुःख तेवढं जपलं. सोडण्यातलं मोकळेपण ‘मोकळा’ या दुसऱ्या भावंडाकडे गेलं. काही माणसांना राज्य सोडतानाही मोकळं होता येतं. ज्याच्याकडे सोडण्यासारखं काहीच नसतं, त्याला फक्त मुकता येतं.

इथे मला कातकरी वाडीवर परत यावं लागतं. मुकणे हे आडनाव ठाण्या-रायगडपासून पालघरपर्यंतच्या कातकऱ्यांत घरोघरी सापडतं. राजघराणं महादेव कोळी, ही माणसं कातकरी. जमाती वेगळ्या, सोयरीक नाही, आडनाव मात्र एकच. यात नवल मानायचं कारण नाही. कातकऱ्यांत पवार आहेत, जाधव आहेत. तीच आडनावं कोकणा-वारल्यांत आहेत आणि मराठ्यांतही आहेत. आडनाव रक्ताच्याच वाटेने चालतं असं नाही. ते राज्याच्या, रानाच्या, शेजाराच्या वाटेनेही चालतं. ज्याच्या मुलखात राहिलो, ज्याच्या नावाने मुलूख ओळखला गेला, त्याचं नाव माणसाला लागतं. कातड्याची वादी जमिनीभोवती फिरली, तेव्हा त्या जमिनीवर राहणारी माणसंही तिच्या आत आली होती.

कातकरी हे नाव मुळात धंद्याचं, खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. खैर तोडायचा, गाभ्याचे तुकडे मडक्यात उकळायचे, दाट झालेल्या रसाच्या वड्या पाडायच्या. इंग्रजी अमलात जंगल सरकारी झालं, खैर तोडणं गुन्हा ठरलं आणि धंदा गेला. जमातीच्या नावात कात राहिला, हातातून गेला. आज महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांत कातकरी आहेत. दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. जव्हार-मोखाड्यातल्या कित्येक कातकरी घरांकडे घराखालच्या जमिनीचासुद्धा कागद नाही. पावसाळ्यात नागली-वरईची मजुरी, खेकडे, मासे, रानभाजी. दिवाळी झाली की भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. त्या जाण्याला इथे एक शब्द आहे, तो ऐकला की अजूनही माझ्या पोटात तुटतं. कामाला गेले, असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, “जगायला गेले.”

म्हणून आडनावातलं एक अक्षर माझ्यासाठी शुद्धलेखनापुरतं राहिलेलं नाही. अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा, तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजाच्या कागदावर मुकणा, बापाच्या मुकने, मुलीच्या मुकणे, एवढ्यावरून हेलपाटे सुरू होतात. प्रतिज्ञापत्र करा, साक्षीदार आणा, पुन्हा या. एका हेलपाट्यात एका दिवसाची मजुरी जाते. राजाच्या घराण्याचा किताब सुलतानाच्या हुकुमाने एकदाच लिहिला गेला आणि सहाशे वर्षं टिकला. या माणसांचं नाव दर पिढीला नव्या कारकुनाच्या कानावर अवलंबून असतं. त्या कारकुनांत मीही आहे. कुणाचं आडनाव घाईत लिहिलेलं नाही, एवढी ग्वाही मी माझ्यापुरती देऊ शकते. पहिल्या वर्षीची सवय मी जाऊ दिलेली नाही. अजूनही दोनदा विचारते.

ती मुलगी शाळेत टिकली. आई-बाप जगायला गेले की ती आजीजवळ राहायची आणि हंगामी वसतिगृहात जेवायची. एका वर्षी होळीला बाप परत आला, तेव्हा भट्टीवरच्या मुकादमाची छोटी वही घेऊन माझ्याकडे आला. उचल किती, फिटली किती, हे वाचून हवं होतं. मी पान उघडलं. त्याच्या नावापुढे आकड्यांच्या आधी लिहिलं होतं, ‘मोखाडा’. त्याच्या वरच्याचं तेच, खालच्याचंही तेच. दुसऱ्या पानावर काही नावांपुढे ‘जव्हार’. आडनाव विचारायला मुकादमाला सवड नव्हती. कुठून आली हे कळलं की त्याचं भागत होतं.

मी हिशेब वाचून दाखवला, पण मन त्या एका शब्दावर खिळलं होतं. मुकण्याच्या गढीतून निघालेला जयाबा जव्हारात मुकणे झाला, तसा मोखाड्यातून निघालेला हा माणूस भिवंडीच्या भट्टीवर मोखाडा झाला होता. एकाने गाव सोडलं ते राज्य मिळवायला, दुसऱ्याने दोन वेळच्या भाकरीला. नाव पडण्याची रीत मात्र तीच, सोडून आलेल्या जागेची. चार-दोन पिढ्या असंच चाललं असतं, तर ‘मोखाडे’ नावाचं आडनाव भिवंडीत रुजलंही असतं, आणि ते कुठून आलं हे कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

त्याच वर्षी जूनमध्ये तो धाकट्या मुलाला घेऊन आला. या वेळी मुलगी बापाच्या मागे लपलेली नव्हती. भावाचा हात धरून पुढे उभी होती, सातवीत गेलेली. मी रजिस्टर उघडलं, पेन उचललं आणि सवयीप्रमाणे विचारलं, “आडनाव?”

बाप तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, “मुकणे.” मी मु काढला, क काढला. ती टेबलावर वाकली. “बाई, ण. बाणातला ण.”

मी बाणातला ण काढला, नेहमीपेक्षा सावकाश. बाहेर पाऊस सुरू झाला होता. शाई वाळेपर्यंत या वेळी तिघंही थांबली.